खोबरेल प्यायलेली बंदूक

नाशिक, ३ जानेवारी

तीर्थरूप चिमाजीमामा यांस,

भाचा सोमनाथ याचा दंडवत. तुमचा गुडघा आणि मामींचा तुमच्यावरचा राग, दोन्ही उतारावर असतील अशी आशा आहे. इकडे आम्ही सगळे मजेत आहोत. बंदूक तेवढी आजारी आहे.

तुम्ही लष्करात तीस वर्षं बंदुका दुरुस्त केल्यात. मला पतसंस्थेत बंदूकधारी पहारेकऱ्याची नोकरी लागली तेव्हा तुम्ही बजावलं होतंत, की नळीतून फडकं फिरव, सांध्यात बंदुकीच्या तेलाचा एकच थेंब सोड आणि बाकी पुसून कोरडं कर. मामा, खरं सांगतो, एक थेंब ऐकून मला वाईट वाटलं. वडिलांच्या मागे जी बंदूक आमचं घर चालवते, तिला एक थेंब? (तुमची सून साधना माझ्या डोक्यावर रोज वाटीभर थापते, आणि डोक्याने मी अजून एक पैसा कमावलेला नाही.) म्हणून खंडेनवमीला शस्त्रपूजा झाल्यावर आम्ही दोघांनी तिला घाण्यावरच्या खोबरेलाने न्हाऊ घातलं. दिवाळीच्या पहाटे पुन्हा, या वेळी उटणं लावून. इतकी सुवासिक बंदूक जिल्ह्यात दुसरी नसेल.

मग थंडी पडली. बाटलीतलं खोबरेल गोठतं हे मला लहानपणापासून माहीत आहे, पण बंदुकीतलंही गोठतं हे कुणी बोललं नव्हतं. परवा आमच्या नव्या मॅनेजर मंजुषा मॅडम म्हणाल्या, "सोमनाथ, काडतूस कुठे भरता ते जरा उघडून दाखवा." मी एक टोक धरलं, कॅशियर दीपकने दुसरं, आणि आम्ही काउंटरभोवती दोन फेऱ्या ओढाओढ केली. (रिकामी होती, काळजी नसावी.) बंदूक ढिम्म. रांगेतल्या पुतळाबाई, त्या गोदेच्या घाटावर फुलं विकतात, म्हणाल्या, "आरं, उन्हात ठेव की तिला. मी तेलाची बाटली ठेवते तशी." पटलं. दारात खुर्ची टाकून तिला उन्हाला बसवलं आणि मी काठी घेऊन तिच्यावर पहारा केला. तासाभराने तेल टपकू लागलं. वाया कशाला घालवायचं म्हणून पुतळाबाईंनी ते टाचांच्या भेगांना चोळलं, ते बघून सगळी रांग चपला काढून बाहेर आली. उटण्याचा लगदा मात्र आतच बसला आणि बंदूक काही उघडली नाही.

मॅडमनी पंधरा तारखेपर्यंत मुदत दिली आहे. नाही उघडली तर नोकरी गेली. मामा, मला फार भीती वाटते. लेकीची, साईची, यंदा दहावी आहे.

आपला लाडका (होतो तो) भाचा,
सोमनाथ

ता.क. : मॅडमना जाणकाराचा लेखी दाखला चालणार आहे. "बंदूक मी स्वतः तपासली, उत्तम उघडते व मिटते" एवढं लिहून सही करून पाठवावं. तपासायला यायची तसदी घेऊ नये. आलात तर खरं दिसेल, मग तुमच्याने सही होणार नाही.

ता.क. २ : आत्ताच साधनाने केस वाळवायचं यंत्र लावलं आणि बंदूक खटकन उघडली! देवापुढे साखर ठेवली.

ता.क. ३ : आता मिटत नाही. पंधराला उघडीच घेऊन जातो. दाखल्यात "उत्तम उघडते" एवढंच लिहावं.