संत्र्याचा नवस

॥ श्री हनुमंत प्रसन्न ॥
पांढुर्णा, दि. २८ सप्टेंबर २०२३

चि. सौ. चंचल हिस जयवंताताईचे पुष्कळ आशीर्वाद. इकडे सर्व खुशाल, तुझी खुशाली कळावी.

फोन असताना पत्र काहून, म्हणशील. तुझ्या घरी फोन स्पीकरवर असतो अन् सासूबाई बाजूला भाजी निवडत असतात. तिथं पाळीच्या गोष्टी कशा बोलणार?

तुझ्या अंकुररावांनी आमच्या ह्यांना सांगितलं, की घरात महालक्ष्म्या बसल्या अन् त्यांची बायको पोट धरून चटईवर लोळत होती. दर महिन्याचंच झालं हे. नागपूरच्या डॉक्टरीणबाई पुन्हा ऑपरेशन करू म्हणतात अन् तू नाही म्हणून बसली. पहिल्या ऑपरेशनला तर हसत गेली होती. आता काय आडवं आलं? शेजारच्या मीनाबाईनं गर्भाची पिशवी काढून टाकली, मोकळी झाली. तुझी पोरगी शाळेत जायला लागली, तूही काढून टाक.

मी जामसावळीच्या मारुतीला नवस बोलली आहे. तू अख्खं वर्ष न लोळता काढशील, तेव्हाच संत्र्याची फोड तोंडात घालीन. हे मुद्दाम समोर बसून सोलतात. म्हणतात, बिनखर्चाचा नवस तुलेच सुचू शकते.

कागदाच्या दोन्ही बाजू भरल्या, आता थांबते. तुझ्या दोन ओळींची वाट पाहणारी,
ताई

मोहगाव, दि. ९ ऑक्टोबर २०२३

ती. सौ. ताईस चंचलचा सा. न. वि. वि.

तुझं पाकीट सासूबाईंनीच हातात दिलं. बहीण एवढं काय लिहिते, विचारत होत्या. पापडाचं प्रमाण, म्हणून सांगितलं.

ताई, मला चिरफाडीची भीती नाही. मागच्या ऑपरेशननंतर काही महिने बरे गेले. मी देवापुढे पेढे ठेवले, भेटेल त्याला सांगत सुटली की बरी झाली. मग एका सकाळी बागेत संत्री वेचता वेचता तेच दुखणं, तसंच, तिथंच. त्या दिवशी दुखण्यापेक्षा फसल्याचं जास्त लागलं. पुन्हा आशा लावायची अन् पुन्हा तसंच झालं तर? एवढंच आडवं आलं होतं.

अन् माझं पिशवी काढून भागत नाही. डॉक्टरीणबाईंनी चित्र काढून दाखवलं. आजाराचं नाव एंडोमेट्रिओसिस. पिशवीच्या आतल्या अस्तरासारखं मांस पिशवीच्या बाहेर वाढलं आहे, अंडाशयावर अन् मागे आतड्याजवळ. पाळी आली की तेही सुजतं. मागच्या डॉक्टरांनी ते वरवर जाळलं होतं, म्हणून परत आलं असावं, म्हणाल्या.

हे तिथं बाजूलाच बसले होते. एकदम म्हणाले, म्हणजे आमच्या संत्र्याच्या पानसोटासारखं का? झाडाच्या बुडातून फुटतात, फळ देत नाहीत, नुसतं बळ खातात. वरून छाटले तर जोमानं येतात, खोडाला लागूनच काढावे लागतात. बाई हसल्या. झाडाचं मला कळत नाही, पण तसंच समजा, म्हणाल्या. या वेळी दुर्बिणीतून, पण मुळापासून काढू. तरी हमी देत नाही, दरवर्षी दाखवायला यायचं. हमी देत नाही म्हणाल्या, त्याचाच मला भरवसा वाटला.

दिवाळीनंतरची तारीख घेतली. तू सोबत पाहिजे.

तुझा मारुती तर स्वतःच आडवा झोपलेला. आडव्या पडलेल्या बाईचं दुखणं त्याला समजत असेल, म्हणून नवसाला हसत नाही. भाऊजींना म्हणावं, ताईच्या वाट्याची मजेत खा.

तुझा हात डोक्यावर असू दे.
चंचल

पांढुर्णा, दि. १७ डिसेंबर २०२३

चि. सौ. चंचल हिस अनेक आशीर्वाद.

नागपूरहून तुला मोहगावला सोडून घरी आली, पण ध्यान तिकडेच आहे. शुद्धीवर येताच तू पहिलं काय विचारलं, आठवते का? बुडातून काढलं ना? नर्सबाई आमच्याकडे पाहून राहिली, हे लोक बाग विकत घेऊन राहिले की काय!

तू आत होती तेव्हा तुझ्या सासूबाई अन् मी बाहेर बाकावर माळ ओढत होतो. त्या मधेच बोरगावच्या कुठल्याशा लग्नाचं काढत, माळ चुकत, अन् मी पुन्हा पहिल्या मण्यापासून धरायला लावत होती. डॉक्टरीणबाई बाहेर आल्या तरी आमची एक माळ पुरी नव्हती. मारुतीनं अर्ध्या माळेवर भागवून घेतलं.

भरली बादली उचलू नको. संत्र्याच्या पेटीकडे तर पाहूही नको. खरी परीक्षा पाळीची. तेव्हा फोन कर म्हणते, अन् घंटी वाजली तर काळजात धस्स होईल.

जिवाला जपणारी,
ताई

मोहगाव, दि. २२ डिसेंबर २०२४

ती. सौ. ताईस सा. न. वि. वि.

परवा डॉक्टरीणबाईंनी तपासलं. काही वाढलेलं नाही. पाळीत थोडं दुखतं, चारचौघींसारखं. हातचं काम सुटत नाही.

एक गोष्ट फोनवर सांगता आली नाही, कारण ती सासूबाईंचीच आहे. यंदा महालक्ष्म्यांच्या जेवणाच्या दिवशीच माझी पाळी आली. आमच्या घरची रीत तुला ठाऊक, बाजूच्या खोलीत बसायचं. मी उंबऱ्याशी बसून सगळ्यांना कामाला लावलं. आंबील ढवळा, पुरण बुडाला लागून राहिलं, पोरीची वेणी कोणी घालते का! तेवढ्यात सासूबाई सवयीनं शेकाची थैली गरम पाण्यानं भरून घेऊन आल्या. मला हसताना पाहून तशाच उभ्या राहिल्या. मग तिथंच टेकल्या अन् थैली स्वतःच्या गुडघ्यावर ठेवली. तेव्हापासून ती त्यांचीच.

ताई, वर्ष झालं. बागेत तोड चालू आहे. तोड झालेल्या झाडांचे पानसोट यंदा ह्यांनी माझ्याच हातून काढवून घेतले, एकेक खोडाला लागून.

पहिल्या तोडीतली संत्री तुझ्यासाठी बाजूला ठेवली आहेत. पार्सलचा खर्च तुझ्या हिशेबात बसणार नाही, म्हणून थैला घेऊन मीच येते. वाटेत जामसावळीला एक मारुतीपुढे ठेवते. त्याला उठवत नाही, झोपू दे. भाऊजींना सांग, या वेळी तुझ्यासाठी सोलायचं आहे.

तिथून पुढच्या बसमध्ये बसायला जागा मिळत नाही, म्हणतात. न मिळो. पांढुर्ण्यापर्यंत उभी येईन.

तुझ्या मायेची हक्कदार,
चंचल