लोकर आमची, भाषण त्याचं

३ डिसेंबर
ठरलं एकदाचं. म्हणजे गाईड सरांनी ठरवलं. 'सोप्या भाषेत संशोधन' या कार्यक्रमात आमच्या विभागातर्फे अमोघ बोलणार. विषय माझा, तोंड त्याचं.
"काम तुझंच आहे गं भाग्यश्री, कोण नाही म्हणतंय? पण स्टेजवर हाय-न्हाय करून कसं चालेल? विभागाच्या नावाचा प्रश्न आहे."
माझ्या वडिलांच्या, अप्पांच्या मेंढरांमागं माळरानं तुडवली मी. मेंढी चरते, लोकरीत गवताचं बी अडकतं, ती पुढं जाईल तिथं ते गळतं, उजाड माळावर पुन्हा गवत उगवतं. पीएचडीचा सगळा जीव एवढाच. अमोघचा विषय मातीतले जिवाणू. त्यानं मेंढीला अजून हात लावलेला नाही.
आणि मी काय म्हणाले? "चालेल सर." चालेल म्हणे!

९ डिसेंबर
हॉल गच्च. शाळेची पोरं, रिटायर्ड मंडळी, बचत गटाच्या बायका. मी मागच्या रांगेत.
अ. नं लोकरीचा पुंजका वर धरला. आमच्या मेंढ्यांची लोकर, अप्पांनी कुसळांसकट पिशवीत घालून दिलेली. पहिल्या रांगेत देऊन म्हणाला, "एक तरी बी काढून दाखवा." बायका ओढतायत, बी निघत नाही, हसतायत. ही युक्ती माझी. मीच त्याला कँटीनमध्ये करून दाखवलेली. मग म्हणाला, "मेंढी म्हणजे चार पायांची पाभर." हेही माझं. पाभर म्हणजे काय ते त्याला मी समजावून सांगितलं होतं, नाहीतर त्यानं पेरणीचं यंत्र बघितलंय कुठं?
टाळ्याच टाळ्या. सुरुवातीला 'आम्ही' होतं. मधूनच 'मी' झालं. माझं नाव शेवटी आभारात. गाडीच्या ड्रायव्हरच्याही नावाखाली.
बाहेर आल्यावर म्हणतो, "कसं झालं?" म्हटलं, "भारी."

११ डिसेंबर
पेपरात फोटो. अ. आणि लोकर.
अप्पांचा फोन. "भागे, आपली लोकर पेपरात आलीया. ह्ये पोरगं कोन?"
"माझ्यासंगं शिकतंय."
"बरं बरं. तू कुटं हाईस फोटोत?"
"मागं हाय अप्पा. दिसत न्हाय."
त्यांनी कात्रण काढून ठेवलंय म्हणे, घडी घालून. कुणाचं कात्रण ते? त्या पोराचं!
याची परतफेड केल्याशिवाय राहणार नाही. लिहून ठेवते.

१४ डिसेंबर
कार्यक्रमाची पुढची फेरी खेड्यात घ्यायचीय, प्रत्यक्ष मेंढपाळांसमोर. सर गाव शोधत होते. मी आपणहून म्हटलं, "वळसंगजवळ आमची वस्ती आहे सर. माणसं मी जमवते."
सर खूश. "असं मन मोठं पाहिजे."
मन मोठं!! अजून काय करायचं ते ठरलेलं नाही. पण माझ्या लोकांसमोर त्याला उभा करायचा, एवढं नक्की.

१८ डिसेंबर
सापडलं.
अ. दोन चहा घेऊन लॅबमध्ये आला. "शेवटी लोकांना एक संदेश लागतो गं. त्यांनी काय करायचं, असं ठोस काहीतरी. काय सांगू?"
तोंडातून आपोआप आलं. "सांग की दोन वर्षं मेंढ्यांची कातरणी थांबवा. लोकर वाढेल, बी जास्त अडकेल, माळ हिरवा होईल."
"हे भारी आहे!" म्हणाला. मीच त्याला चार ओळी नीट लिहून दिल्या. सरांनीही वाचून मान डोलवली. मेंढीची लोकर कातरली नाही तर काय होतं, हे दोघांपैकी एकालाही माहीत नाही. आमच्या वस्तीवरचं शेंबडं पोरगंही सांगेल. कुसळ वाढत्या लोकरीतून कातड्यात शिरतं, जखम होते, जखमेत अळ्या पडतात. आणि सोलापूरच्या उन्हाळ्यात ते ओझं घेऊन बसलेलं मेंढरू परत उठत नाही.
रूमवर आल्यावर रूममेट फरजानाला सांगितलं. ती पोट धरून हसली, मग म्हणाली, "जान दे गे भागू. उसका मूं काला करने कू तू कायकू हात काले करती?"
मी जाऊ देणार नाही. झोप मात्र छान लागतेय.

२१ डिसेंबर
सराव. सगळं पाठ आहे त्याचं. निघताना थांबला. "कातरणी थांबवली तर मेंढीला त्रास नाही ना होणार?"
विचारलं त्यानं. विचारेल असं वाटलं नव्हतं.
"नाही रे," म्हटलं.

२८ डिसेंबर
सगळं लिहून काढलं पाहिजे, नाहीतर उद्या मी त्याला वेगळाच रंग देईन.
वस्तीवरच्या देवळापुढं सतरंज्या. माणसं आली, बायकाही. अप्पा पुढंच बसले, धुतलेलं धोतर नेसून. अ. बोलला छान, खोटं का बोलू? पाभर म्हटल्यावर म्हातारे खुलले. एक जण म्हणाला, "बरुबर हाय, बरुबर हाय." मग तो संदेशावर आला.
म्हातारे एकमेकांकडं बघायला लागले.
थोरली अव्वा, माझी चुलती, उठली. "दोन वर्सं कातरायचंच न्हाय?"
"नाही आजी. माळासाठी."
"मग ल्येकरा, उन्हाळ्यात मेंढरं तुज्या घरी पंख्याखाली बांधू का?"
हशा. याच हशासाठी केलं होतं सगळं. छातीत गार गार वाटलं. पण तो टिकला नाही. मागून कुणीतरी ओरडलं, "अळ्या पडून मरत्यात मेंढरं! ह्येच शिकिवत्यात व्हय तुमाला तितं?" दुसरा उठला. "आमचं गवात मोजाय येता, आमच्या संगं जेवता, आन आमालाच बुडवाय निगाला?" सर खुर्चीतून अर्धे उठले, परत बसले.
अ. चा चेहरा पांढरा. त्यानं मला शोधलं. मग माइकवर, नीट स्वच्छ आवाजात म्हणाला, "हे माझं संशोधन नाहीये. तुमच्या भाग्यश्रीचं आहे. सगळं तिचंच आहे. हे वाक्यसुद्धा तिनंच लिहून दिलंय."
हे ऐकायला मी किती तळमळले होते. आणि आलं ते असं, या क्षणी.
सगळ्या माना माझ्याकडं. अप्पांचीही.
गप्प बसले असते तर ते कातरणीचं वाक्यही माझं संशोधन ठरलं असतं. उठले. आवाज फाटला. "त्यो शेवटचा भाग खोटा हाय. मी मुद्दाम लिहून दिला. ह्याची फजिती व्हावी म्हनून. बाकी सगळं खरं हाय, आन ते माझं हाय." पुढं बी कसं अडकतं, कसं गळतं, सांगायला लागले, आमच्याच बोलीत. कोणी ऐकत नव्हतं. अप्पा काठी घेऊन उठले आणि मेंढरांकडं निघून गेले. मागं वळले नाहीत.
अव्वा जवळ आली. मारेल असं वाटलं. "भांडान तुमचं. त्येला आमचा मांडव कशाला घातलास, पोरी?"

३० डिसेंबर
सरांची केबिन.
"निष्कर्ष खोटा लिहून देणारी मुलगी. तिच्या बाकीच्या नोंदी खऱ्या कशावरून मानायच्या?"
कधीपासून हा माणूस मला बोलतोय, पण आज पहिल्यांदा त्याच्या बोलण्यात खोट सापडली नाही, आणि त्याचाच जास्त राग येतोय.
समिती बसणार. सर म्हणाले, "नजरचूक झाली म्हण, माफी लिहून दे. मिटवतो मी."
मिटवणारच. ते वाक्य वाचून मान यांनीच डोलवली होती. मी बुडाले तर यांनाही घेऊन बुडेन.

४ जानेवारी
वस्तीवर निरोप फिरलाय. विद्यापीठाचं माणूस मेंढरांमागं येऊ द्यायचं नाही. कुणीच. म्हणजे मीही. शेवटच्या हंगामाच्या नोंदी बाकी आहेत. त्या नसतील तर प्रबंध लंगडा.
अप्पा फोन उचलत नाहीत. अव्वाला विचारलं तर म्हणते, "बरं हाईत. बोलत न्हाईत. कुनाशीच."

७ जानेवारी
अ. जिन्यात भेटला. पहिल्यांदाच चहाशिवाय.
"मी समितीला सांगतो, दोन्ही भाषणांतलं सगळं आधीपासून तुझं होतं. लिहूनही देतो. तू फक्त नजरचूक म्हण. दोघं सुटू."
"आणि सर?"
"सरांना मध्ये नको ना घेऊ."
'नजरचूक' हा शब्द कुणाचा, ते आलं लक्षात. तरी विचारलं, "तू विचारलं होतंस, मेंढीला त्रास होईल का. मी खोटं बोलले."
"माहितीये आता."
"राग आला नाही?"
"आला की. खूप आला. पण हॉलमध्ये तू मागं बसली होतीस, ते मला दिसत होतं. मला दिसत होतं, तरी मी बोलत राहिलो."
खाली बघून बोलला. मला तो खाली बघायलाच हवा होता. आता बघतोय तर त्याच्या डोक्यावर काहीतरी आदळावंसंच वाटलं. माफ केलेलं नाही. करणार आहे की नाही, तेही माहीत नाही. तशीच जिना उतरले.

८ जानेवारी
उद्या समिती. नजरचूक म्हटलं तर पदवी वाचते, नाव मिळतं, सर सुटतात. खरं सांगितलं तर सर अडकतात, आणि मीही. कालपर्यंत खरं तेच सांगायचं ठरलं होतं. फरजाना म्हणते, "पैले बाप कू फोन लगा."
संध्याकाळी लावला. उचलला!
"बोल."
पलीकडं मेंढरं ओरडत होती. मेंढवाड्यात कोंडायची वेळ. मी माफी मागायची म्हणून लावला होता, आणि आलं भलतंच. "अप्पा, माजा राग अजून गेला न्हाय."
म्हणाले, "कुनावरचा?"
मला सांगता आलं नाही. त्यांनीही फोन ठेवला नाही.