कपाळावरचा फिका ठिपका

आई,

धाकट्याने घराला नवा रंग दिला आणि तुझा फोटो हॉलमधून काढून पॅसेजमध्ये लावला. आता येता-जाता तू अगदी तोंडासमोर येतेस. तुला आठवतं का, डोंबिवलीत स्टेशनजवळच्या कॉम्प्युटर क्लासला मी जायचे, जिथे देवळासारख्या चपला बाहेर काढाव्या लागायच्या? आत एसी होता, यंत्रांना धूळ चालत नसे. आपण मात्र रात्रंदिवस कंपन्यांचा वास घेत होतो. कोर्स पास झाले की ठाण्यातल्या एका छापखान्यात मला घेणार होते. बाबा ज्या केमिकल कंपनीत खोकून खोकून गेले, तिथेच त्यांच्या जागी तू पॅकिंगला लागलेलीस, आणि आता तूही खोकत होतीस. तुला तिथून बाहेर काढायचं, एवढ्यासाठी मला ती नोकरी हवी होती.

शेवटची असाइनमेंट तशी सोपी होती. घरातला एखादा जुना फोटो स्कॅन करायचा, त्यावरच्या घड्या आणि डाग काढायचे, मागचा पडदा बदलायचा, आणि फ्लॉपी व रंगीत प्रिंट सरांकडे जमा करायची. मी तुझा कंपनीच्या पासासाठी काढलेला फोटो नेला. तुझा एकटीचा असा तोच होता, बाबा गेल्यानंतर थोड्याच दिवसांत काढलेला. स्क्रीनवर तो मोठा केला तेव्हा मला पहिल्यांदा दिसलं, की जिथे इतकी वर्षं कुंकू होतं तिथली कातडी फिकी राहिली आहे. चार आण्याच्या नाण्याएवढा गोल. सर पाठीमागे येऊन उभे राहिले आणि म्हणाले, आधी हा डाग काढ, शेजारची कातडी उचलून त्यावर बसव, काही कठीण नाही. त्यांचं काही चुकलं नव्हतं. पण माझा हात ते करेना. मी लाल रंग घेतला आणि त्या गोलावर कुंकू लावलं. अगदी बरोबर बसलं. मला इतका आनंद झाला की प्रिंट काढून मी धावतच घरी आले.

तू पोळ्या लाटत होतीस. मी प्रिंट ओट्यावर ठेवली. पीठ लागू नये म्हणून हात मागे धरून तू वाकलीस आणि बघत राहिलीस. मला वाटत होतं, आता तू रडशील आणि मला जवळ घेशील. तव्यावरची पोळी करपली तरी तू हलली नाहीस. मग म्हणालीस, "पुसलं तेव्हा मला कुणी विचारलं नव्हतं. आज लावताना तूपण नाही विचारलंस."

मी चाचरत विचारलं, मग सर म्हणतात तसा तो डाग काढून टाकू का? तू करपलेली पोळी बाजूला ठेवलीस, नवा गोळा घेतलास.

"डाग कसला? माझं कपाळ आहे ते. राहू दे तसंच."

दुसऱ्या दिवशी तसाच दिला. घडीची रेघ काढली, कोपऱ्यातला शिक्का काढला, मागे निळं आकाश केलं, ठिपक्याला हात लावला नाही. मुख्य दोष राहून गेला, असा शेरा मारून सरांनी मला काठावर पास केलं. छापखान्याला तेवढं पुरलं. तू मात्र कंपनी सोडली नाहीस. धाकट्याचं शिक्षण होऊ दे म्हणालीस, आणि ते होईपर्यंत तुला आपला जिनाही चढवेना. त्या कंपनीने आपल्या घरातली दोन माणसं खाल्ली. मला अजून तिच्या फाटकावरून जाववत नाही.

तेराव्यासाठी धाकट्याने तोच फोटो मोठा करायला दिला. स्टुडिओवाल्याने कुणी न सांगताच, चांगल्या मनाने, तुझं कपाळ स्वच्छ करून दिलं. मूळ फोटो त्याच्याकडेच कुठेतरी गहाळ झाला, आणि सरांनी परत दिलेली माझी फ्लॉपी कधीच उघडेनाशी झाली होती, प्रिंटही उरल्या नव्हत्या. किती प्रसन्न फोटो आलाय, असं आलेगेले म्हणतात. मला चीड येते. भिंतीवरच्या त्या बाईच्या कपाळावरून कधी कुणी काही पुसलेलंच नाही.

आता मी रोज हेच काम करते. लोक आपल्या गेलेल्या माणसांचे फोटो आणतात, आणि मी आधी विचारते, काय ठेवायचं, काय काढायचं. तुझा ठिपका परत आणण्याइतका हात आता बसलाय. काल तो फोटो स्क्रीनवर घेतलाही. पण या वेळी तुला विचारल्याशिवाय काही करायचं नव्हतं, म्हणून हे लिहीत बसले. हे पत्र कुठेही पोचणार नाही, हे मला कळतं.

खरं सांगू? तू परवानगी दिलीस तरी मला ते जमणार नाही. तू आरशात न बघता घाईघाईने कुंकू लावायचीस, म्हणून ते मधोमध नसायचं, जरासं एका बाजूला असायचं, एवढं मला पक्कं माहीत आहे. धाकटा म्हणतो, मधोमधच होतं. त्याचं चुकतंय. पण कोणत्या बाजूला होतं, ते मलाही आठवत नाही.