खाऱ्या पाण्याचं रीळ

प्रिय अहो,

'प्रिय' लिहिताना हात अडखळला बघा. एकोणचाळीस वर्षांत मी तुम्हाला कधी प्रिय म्हटलं नाही, आणि नावाने हाक मारायचा तर प्रश्नच नव्हता. 'अहो, ऐकलं का' एवढ्यावरच आपला संसार झाला. तर अहो, ऐकताय का? आज मला तुमचा फार राग आलाय. इतका, की तुम्ही समोर असता तर दोन दिवस बोलले नसते.

सकाळी तुमचा फोन वाजला. हो, चालूच ठेवलाय मी. वैशाली सुरतहून रोज सांगते, आई, बाबांचा नंबर बंद करून टाक. आपलीच लेक, पण असं बोलली की मला नको वाटतं. मी रोज तो चार्जिंगला लावते आणि तुमच्या उशीपाशी ठेवते. सात महिन्यांत त्यावर धड कोणाचा निरोप नाही. आज टुंग झालं तर मी पोळी तव्यावर सोडून धावले. चष्मा लावून बघते तर काय! 'तुमच्या यादीतल्या वस्तूंची किंमत उतरली आहे. सवलत आज संध्याकाळपर्यंत.' खाली मासे धरायच्या गळाच्या तीन रिळांचे फोटो. काळं, चंदेरी आणि निळं.

पोळी करपली. घरभर धूर झाला, आणि मी आपली पलंगाच्या कडेला बसून राहिले.

फाल्गुनात, तुम्ही गेलात त्याच्या आदल्या दिवशी, मी गच्चीवर ज्वारीचे बिबडे वाळत घालत होते. तुम्ही फोन घेऊन वर आलात आणि लहान मुलासारखं विचारलंत, "सुमे, घेऊनच टाकू का गं आता?" मी मानसुद्धा वर केली नाही. म्हटलं, "थांबा जरा. किंमत उतरू द्या. रीळ काय पळून चाललंय?"

रीळ नाहीच पळालं. दुसऱ्या दिवशी आंघोळीला पाणी काढता काढता तुम्ही खाली बसलात, आणि दवाखान्याच्या फाटकापर्यंतसुद्धा थांबला नाहीत. आता किंमत उतरलीये हो! आता काय करू मी?

तुमच्या त्या रिळांनी माझं डोकं खाल्लं होतं, खोटं कशाला बोलू? दोन वर्षं सकाळ-संध्याकाळ तेच. जेवायला बसलात की ताटाशेजारी फोन उभा. कुठल्या तरी किनाऱ्यावरचा कुठला तरी बाबा रीळ खोलून दाखवतोय, आणि तुम्ही भाकरीचा घास हातात धरून त्याचे दात मोजताय. गिअरचे हो, त्या बाबाचे नव्हे. मी चिडून म्हणायचे, "अहो, आठे समुद्र कोठे शे?" इथे कुठला आलाय समुद्र, म्हणून. मी शिरपूरची, राग आला की माहेरचीच बोली तोंडात येते. तुम्ही हसायचात आणि म्हणायचात, "तापी जाते ना तिकडे. तिच्या मागे मागे जायचं."

दीपनगरच्या वीज केंद्रात टर्बाइनवर तीस वर्षं फिटर होतात तुम्ही. बेअरिंगचा नुसता आवाज ऐकून त्याचं दुखणं सांगायचात. म्हणून हे रीळ प्रकरण तुम्हाला एवढं गोड लागायचं, हे कळत होतं मला. पण कळतंय असं दाखवलं नाही कधी. आपल्या घरात सासूबाईंच्या गळ्यात माळ, माशाला उंबरठ्याच्या आत बंदी. तुम्ही विदगावच्या पुलाखाली गळ टाकून बसायचात, धरलेला मासा सोबत आलेल्या तुमच्या दोस्ताला, नानांना, द्यायचात, नाहीतर पाण्यात सोडून यायचात. मी म्हणायचे, खायचा नाही तर धरायचा कशाला?  त्याचं उत्तर आता मीच रोज शोधते.

नाना येतात अधूनमधून. तुमच्याशिवाय त्यांनाही करमत नाही. तुमच्या अस्थी आम्ही चांगदेवला सोडल्या, तापी-पूर्णेच्या संगमावर, आपल्यात सोडतात तशा. घरी आल्यावर माझ्या डोक्यात आलं, अरे देवा, पुढे तर हतनूरचं धरण! उन्हाळ्यात दरवाजे बंद! माणूस जन्मभर समुद्र समुद्र करत राहिला आणि मी त्याला धरणात अडकवून ठेवला. नानांना बोलावून घेतलं आणि रडले. ते म्हणाले, "वहिनी, नदीनं पानी शेवट समुद्रमाच जास. भाऊ पोचतीन." श्रावणात दरवाजे उघडल्याची बातमी आली, तेव्हा मी त्यांच्या मागे स्कूटरवर बसून पुलावर जाऊन उभी राहिले. गढूळ पाणी नुसतं धडाडत होतं. लोकांना वाटलं असेल, ही बाई पूर बघायला आलीये.

पुढे उकाईचंही धरण आहे म्हणतात. ते मी मनात आणत नाही.

तर आज काय झालं, तीन रिळांतलं तुम्ही कुठलं ठरवलं होतं ते मला माहीतच नव्हतं. तुम्ही शंभरदा सांगितलं असेल, मी एकदाही कान दिला नाही. मग कपाटातली तुमची वही काढली. सात महिने तिला हात लावायचा धीर झाला नव्हता. तुमचं ते फिटरचं टोकदार अक्षर, पट्टीने आखलेले तीन रकाने. बांधणी, दर्जा, किंमत.

काळ्याला लिहिलंय, "दिसायला देखणं, किंमत परवडणारी. पण रबर नावालाच. खारं पाणी आत शिरणार." रबराचं मला तुम्ही एकदा कुकर उघडून समजावलं होतं. झाकणाचं रबर सैल असलं की वाफ बाहेर जाते, तसं इथे मीठ आत जातं. बघा, एवढं एक लक्षात राहिलं!

चंदेरीला लिहिलंय, "सगळीकडून बंद. पाण्यात बुडवून ठेवलं तरी बेअरिंगला काही होणार नाही. दर्जा एक नंबर. पण जड आहे, माझ्या मनगटाला झेपणार नाही. आणि किंमत!!!" किमतीपुढे तीन उद्गारचिन्हं.

निळ्याला लिहिलंय, "हलकं. हँडल हातात बसतं. ब्रेक लोण्यासारखा. किंमत रास्त. मनापासून आवडलं." मला वाटलं, चला, सुटले, निळं घ्यायचं. खाली अजून एक ओळ होती. "पण दर वेळी गोड्या पाण्याने धुवावं लागेल. म्हणजे हिला सांगावं लागेल."

मला काय सांगावं लागेल? मी ती ओळ चारदा वाचली. मग पानं उलटत मागे गेले, अगदी पहिल्या पानावर. तिथे तुमच्या पहिल्या रिळाबद्दल लिहिलं होतं.

ते पहिलं रीळ तुमच्या खात्यातल्या दोस्तांनी तुम्हाला निवृत्तीला दिलं होतं. आपण वैशालीकडे सुरतला गेलो, तेव्हा जावई तुम्हाला डुमसच्या पुढे घेऊन गेले, आपली तापी समुद्राला मिळते तिकडे. दिवसभर उन्हात उभे राहिलात. एक मासा लागला, हातभर होता म्हणे, तुम्ही त्याला सोडून दिलंत आणि घरी आलात ते काय तोंड होतं तुमचं! लग्नातसुद्धा एवढे खूश दिसला नव्हतात. आणि मग आपल्या घरी परतल्यावर ते रीळ गच्च बसलं. फिरेना. आतून गंजून हिरवं-पांढरं झालेलं. तेव्हापासून मी तुम्हाला किती बोलले! "दोस्तांनी स्वस्तातला माल गळ्यात मारला." नानांसमोर बोलले, वैशालीच्या सासूसमोर बोलले. एकदा तर त्या दोस्तांतले दोघं चहाला आले होते, त्यांच्या तोंडावर बोलले. तुम्ही मान खाली घालून बशीतला चहा पीत होतात. मला वाटलं, पटलंय माझं.

पहिल्या पानावर काय लिहिलंय तुम्ही?

"रीळ चांगलं होतं. मी टॉवेलात गुंडाळून ठेवलं होतं, धुवायचं म्हणून. हिने वास येतो म्हणून ओलंच प्लास्टिकच्या पिशवीत घातलं आणि गाठ मारली. गाडीत विचारलं, पुसलंस ना? हो म्हणाली. घाईत होती. मग शिरपूरच्या लग्नात आठ दिवस गेले. हिला सांगायचं नाही. मनाला लावून घेईल."

अहो!

आठवलं मला. सगळं आठवलं. पेढ्यांचा डबा होता, नव्या दोन साड्या होत्या, त्यांना माशाचा वास लागेल म्हणून मीच ते टॉवेलातून काढलं. गाठ दाताने आवळली होती. दोंडाईचा स्टेशन गेलं तेव्हा तुम्ही विचारलंत, आणि मी खिडकीतून चहावाल्याला हाक मारता मारता म्हटलं, "हो हो, पुसलं." पुसलं नव्हतं. तुम्ही काय विचारताय तेसुद्धा मी ऐकलं नव्हतं.

आणि तुम्ही दोन वर्षं माझी बोलणी खाल्लीत? दोस्तांना बोल लागू दिलात? आवडलेलं रीळ इतके दिवस घेतलं नाहीत, का तर ते धुताना मी विचारीन, मागचं का नाही धुतलं? आणि मग मला कळेल? अहो, तेवढ्यासाठी? सांगून टाकायचं होतं ना! ओरडायचं होतं, "सुमे, तूच घालवलंस माझं रीळ!" मी दोन तास भांडले असते, रडले असते, आणि संध्याकाळी खिचडी करून वाढली असती. मनाला लावून घेईन म्हणे! आता नाही का लागलं? आता कोणाशी भांडू? कोणापुढे कान धरू? मला तुम्ही माफी मागायचीसुद्धा सोय ठेवली नाहीत.

दुपारी वैशालीला फोन केला. म्हटलं, तुझ्या बाबांचं रीळ मी सडवलं. ती म्हणाली, "आई, मला माहितीये. बाबांनी सांगितलं होतं. तुला सांगू नको म्हणाले होते." बघा! म्हणजे सगळ्यांना ठाऊक! नानांनाही ठाऊक असणार, म्हणून ते माझ्या बोलण्यावर नुसते भिंतीकडे बघायचे.

मी फोन ठेवून दिला. देवापुढे गेले, तुमच्या फोटोपुढे आले, पुन्हा देवापुढे गेले. कुठेच बसवेना. एकदा मनात आलं, चंदेरी घ्यावं. पाण्यात बुडवून ठेवलं तरी चालणारं हवं होतं ना तुम्हाला, घ्या. मग म्हटलं, नको. ते न धुताही चालतं, म्हणजे ते घेतलं तर तुम्ही पुन्हा मलाच पाठीशी घालणार. फार घातलंत.

निळं घेतलंय. आत्ताच, चार वाजता. दोनदा बोट चुकीच्या जागी दाबलं गेलं. पत्त्याच्या जागी तुमचंच नाव होतं, ते बदलायचं का असं त्यांनी विचारलं. मी नाही म्हटलं. पाकीट घेऊन माणूस दारात येईल तेव्हा तुमच्या नावाने हाक मारेल. मी ओ देणार आहे.

दिवाळी झाली की मी आणि नाना सुरतला जातोय. नानांना अजून विचारलं नाहीये, पण ते नाही म्हणणार नाहीत. तुम्हाला मासा लागला तिथेच उभी राहीन. मला गळ टाकता येत नाही, चेष्टा होईल, होऊ दे. मासा लागला तर सोडून देईन. तुम्ही उकाई ओलांडून तिथवर आला असाल तर असाल, नसाल तर मी थांबेन.

आणि वचन देते. घरी परतायच्या आधी, गाडी चुकली तरी चालेल, वैशालीच्या मोरीत बसून ते रीळ गोड्या पाण्याने धुवेन. तुमच्या जुन्या बनियनने पुसेन, सावलीत वाळवेन, आणि कोरडं झाल्यावर तुमच्याच टॉवेलात गुंडाळून मांडीवर घेऊन बसेन. दोंडाईचा आलं की मला विचारा, पुसलंस ना? या वेळी मी ऐकून उत्तर देईन.

तुमचीच,
सुमन