मुशनीचं ताट

१२ जानेवारी
पोचले एकदाची सासरी! आई म्हणाली होती, स्वानेतीच्या डोंगरात बर्फाशिवाय काही नाही. बर्फ आहेच, पण चुलीवर मटण भरलेली कुबदारी रोटी आहे आणि माझा मुशनी आहे. स्वयंपाकघराच्या खिडकीतून दाली दिसते. अख्ख्या गावाचं पोट त्या शिखरावर. परदेशातून लोक येतात आणि मुशनीसारखे वाटाडे त्यांना दोर बांधून वर नेतात. सासूबाई मात्र दालीकडे पाठ करूनच बसतात. मलाही तसंच बसायला सांगितलं. बसते बाई, पहिलाच दिवस आहे.

१५ जानेवारी
मुशनी दोन पोलिश पाहुण्यांना घेऊन दालीवर गेला. भर हिवाळ्यात! हौसेने मरायला जायचं हे कसलं वेड, म्हणून मी तणतणले. तो हसून म्हणाला, "एकदा वर येऊन बघ, मग बोल." अठराला जेवायला घरी येणार आहे.

१८ जानेवारी
आजपासून मृतांचा आठवडा. सासूबाईंनी चुलीजवळच्या मेजावर ताटं मांडली. सासऱ्यांचं, आजेसासूबाईंचं, शिवाय दालीवरून न परतलेल्या परक्यांचीही. त्यांचं घर लांब, ते कुठे जेवणार, म्हणाल्या. दाराला कडी लावायची नाही. मला फार आवडलं हे.

सासूबाई गोठ्यात गेल्यावर मी मुशनीचं ताटही तिथेच वाढून ठेवलं, गरम राहावं म्हणून. परत आल्या आणि हातातलं दूध सांडलं. "जिवंत माणसाचं ताट या मेजावर? बोलावणं गेलं त्याला." एकदा वाढलेलं ताट आठवडाभर उचलता येत नाही म्हणे. मी काय मुद्दाम केलं? मला कोणी सांगितलं होतं?

१९ जानेवारी
मुशनी आला नाही. त्याच्या कुबदारीचा घास तोडलेला आहे. बाक ओला. जमिनीवर खिळ्यांच्या बुटांच्या खुणा, दारापासून मेजापर्यंत. परत जाणाऱ्या नाहीत.

२० जानेवारी
पाहुण्यांपैकी यारेक एकटाच उतरला. बोटं काळी पडलीत. त्याचा सोबती कड्यावरून गेला. मुशनीचं विचारलं तर रडायला लागला. परवा संध्याकाळी मुशनीने आपणहून दोर सोडला. म्हणाला, बायकोने ताट वाढलंय, जातो.

देवा, मी काय करून बसले.

२३
तो बसलाय. जेवतोय. मिशीवरचा बर्फ वितळत नाही. हाक मारली, मान वर केली नाही. सासूबाई त्याला वाढतात, माझ्याशी बोलत नाहीत. उद्या आठवडा संपतो, जेवायला आलेले सगळे मेलेले परत दालीवर —

२४
त्याच्या शेजारी आणखी एक ताट. निळ्या काठाचं. माझं. सासूबाईंनी मांडलं, स्वतःच्या हाताने. "तूच बोलावलंस, तूच पोचवायला जा."

दार उघडलंय. बाकीचे उठले. मुशनी बसूनच — माझ्याकडे बघतोय, पहिल्यांदाच — हसतोय — बाकावर सरकून जागा कर—