दाबाखालचं मीठ

५ जानेवारी, रविवार
वाडीतल्या ट्रेलरवाल्या धनेशच्या ऑफिसातून डायरी आली. पानोपानी ट्रेलरचं चित्र. काळूरामला दोन आल्या, त्यातली एक मी उचलली. मुलाची वस्तू उचलली तर ती चोरी नसते.
मी चौथी पास. पाचवीत गेली असती तर ही मोठी साहेबीण झाली असती, असं मास्तर बोलायचे. मास्तर मेले, आता साक्षीला कोणी नाही.
या वर्षीचा नेम: मिशरी बंद. नातीला, म्हणजे कल्पिताला, टाकून बोलायचं नाही. आणि होळीच्या आत तिचं धनेशशी लग्न. शेवटचं तर झाल्यात जमा आहे, फक्त त्या दोघांना सांगायचं बाकी आहे.

६ जानेवारी, सोमवार, सकाळी ७
मिशरी लावली. दाढ ठणकत होती. औषध नेमात धरत नाहीत.

९ जानेवारी, गुरुवार
कल्पिता एकतीस वर्षांची. डॉक्टर आहे, पण सुई देत नाही. पुण्याची नोकरी संपली म्हणून तीन महिने उरणला घरी आली आहे. माडीवर एक डबा आणून ठेवलाय, तो दिवसभर घोंघों करतो आणि ती त्याच्यासमोर बसून असते.
आज विचारलं, करतेस काय. म्हणाली, मिठावर दाब देते. मीठ कुठे आहे? कॉम्प्युटरमध्ये. दाब किती? जमिनीखाली आठशे किलोमीटरवर असतो तेवढा. तिथे कोण जाऊन आलं? कोणीच नाही, म्हणून तर हिशेबाने काढावं लागतं, म्हणाली. म्हणजे कोणी बघितलं नाही ते ही सांगणार आणि खोटं पाडायला पण कोणी जाणार नाही. धंदा चांगला आहे.
तेवढ्या दाबाखाली म्हणे मिठातला प्रत्येक कण सहा शेजाऱ्यांच्या जागी आठ शेजारी धरतो. मी म्हटलं, त्यात काय मोठं? बंदर आलं, मिठाचं आगर गेलं, वाडी आवळली, तेव्हा आमचे पण सहाचे आठ झाले. आठव्याने तर संडासाची भिंत आमच्या अंगणात सरकवली. कॉम्प्युटर लागला नाही.
ती हसली नाही. वहीत लिहून घेतलं.
मी चाळीस वर्षं आगरात मीठ ओढलं. हिच्या हातात खडा दिला तर कुठल्या आगराचा ते सांगता येणार नाही. हे तिला तोंडावर बोलले. टाकून नाही, समजावून.

१९ जानेवारी, रविवार
जर्मनीत कायमची नोकरी निघाली आहे. दहा फेब्रुवारीला इंटरव्ह्यू, तोही कॉम्प्युटरवर. मिठावर भाषण करायचं. मिळाली की कायमची तिकडे.
मिळणार नाही. जर्मन लोक हुशार असतात.
कल्पिता खाली आली, म्हणाली, आजी, तुझा आगरातला फोटो हाय ना, लाकडी फावडं धरलेला, तो भाषणात लावू का. तुझं नाव पण लिहिते. मी सरळ सांगितलं:
"मी मेल्यावर दाखव काय दाखवायचं ते."
ती "बरं" म्हणाली. लगेच ऐकते माझं. सुनेला वाटतं तिचं ऐकते.

२ फेब्रुवारी, रविवार
धनेशला जेवायला बोलावलं. चार ट्रेलर, बंदराजवळ ऑफिस, बारावीपर्यंत इंग्लिश. घर दोन गल्ल्या पलीकडे. त्याच्या गच्चीतून हाक मारली तर आमच्या मोरीत ऐकू येते. कल्पिता जवळ राहावी असा माझा हट्ट नाही. गुडघे धरले की तेल लावायला कोणीतरी लागतं, आणि सुनेचा हात खरखरीत आहे. एवढाच मुद्दा.
धनेशला सांगितलं, पोरगी रंगाने सावळी आहे, वय झालंय, पण हाडाने मजबूत आहे. कल्पिता समोरच बसली होती. धनेशला ठसका लागला. लाजला.
नंतर दोघं तासभर बोलत होते. कंटेनर एकावर एक किती ठेवले की खालचा दबतो, हा विषय. लग्न झाल्यासारखंच आहे.

९ फेब्रुवारी, रविवार, दुपार
उद्या इंटरव्ह्यू. सून देवाजवळ साखर ठेवून बसली. अशाने काही होत नाही.
नजर ही खरी गोष्ट आहे. कल्पिता आंघोळीला गेली तेव्हा माडी चढले. गुडघ्यांनी शिव्या दिल्या तरी चढले. बरणीतलं मूठभर मीठ नेलं. आपल्या आगराचं शेवटच्या हंगामातलं, चार मुठी उरलं होतं. मुलीची दृष्ट कोणीही काढतं. मी मशीनची काढली. सात वेळा ओवाळलं, मिरच्या चुलीत टाकल्या. मीठ डब्यावरच ठेवलं, नजर शोषायला. वरच्या बाजूला जाळी आहे, मोठ्या भोकांची. त्यावर बरोबर बसलं, मग भोकांतून आत उतरलं.
हवा दमट आहे, पाणी सुटेल, हे डोक्यात आलं होतं. मीठ माझ्याएवढं कोणाला कळतं? पण दृष्ट अर्धी सोडायची नसते.
मुद्दाम काही केलेलं नाही. हे कोणी विचारलेलं नाही, तरी लिहून ठेवते.

१० फेब्रुवारी, सोमवार
सकाळी ९. डब्यातून फट् आवाज. वास. घोंघों बंद. नजर केवढी होती बघा, मशीनच घेऊन गेली. मी मध्ये पडले नसते तर पोरीवर आली असती.
कल्पिताने झाकण उघडलं. बराच वेळ आत बघत होती. बोटाने काहीतरी उचललं, उजेडात धरलं. मी म्हटलं, खारी हवा, बाई, उरण हाय हे. ती माझ्याकडे बघत राहिली.
महिन्याभराचा हिशेब गेला असणार. वाईट वाटलं. दोन भाकऱ्या जास्त खाल्ल्या.
दुपारी ३. कळलं की हिशेब पुण्याच्या मोठ्या मशीनवर होता. घरचा डबा नुसती खिडकी. मग खिडकीला एवढं घोंघों करायची गरज काय होती?
ती धनेशच्या ऑफिसात गेली, त्याच्या लॅपटॉपवर इंटरव्ह्यू दिला. तो बाहेर खुर्ची टाकून बसला होता, ड्रायव्हर लोकांना हॉर्न वाजवू देत नव्हता.
म्हणजे दोघांना जवळ कोणी आणलं? माझ्या मिठाने. मला कोणी सांगू नये. मिशरी लावली, आनंदाची.

२८ फेब्रुवारी, शुक्रवार
नोकरी मिळाली. जर्मन लोकांबद्दलचं मत मागे घेते.
काळूरामने वाडीत पेढे वाटले. सून रडली. मी कल्पिताला म्हटलं, तिथे डाळभात मिळणार नाही, वास येतो म्हणून शेजारी पोलिसात जातील, आणि म्हातारी होऊन येशील तेव्हा इथे तुला ओळखणारं कोणी नसेल. धीर दिला.
ती जाणार नाही. धनेश जाऊ देणार नाही. हळदीला बँड कोणता ते ठरवलं.

१३ मार्च, गुरुवार, होळी
धनेश पाया पडायला आला. साखरपुडा ठरला म्हणाला. मी म्हटलं, मला आधी विचारायचं, पण असू दे. पोरगी पेणची आहे.
पेणची.
कल्पिताला माहीत होतं. साडीचा रंग तिनेच निवडून दिला.

२० मार्च, गुरुवार
गेली. एअरपोर्टला धनेशनेच सोडलं, आपल्या गाडीने. गाडीत जागा नाही म्हणून मला नेलं नाही. मागची सीट रिकामी होती. बॅग असेल तिच्यावर. लहान बॅग.
पाया पडली. मी म्हटलं, कॉम्प्युटरला जप.

३० मार्च, रविवार, पाडवा
आज माझा दिवस. इंटरव्ह्यूतल्या भाषणाचं शूटिंग कल्पिताने धनेशला पाठवलं आहे, आणि त्यात माझा फोटो आहे असं धनेश बोलून गेला. म्हणजे मी नको म्हटलं तरी लावला. असतेच माया. गल्लीतल्या अकरा बायका बोलावल्या. सतरंजी घातली. नवीन लुगडं नेसले. धनेशला सांगितलं, मराठीत करून सांग, जोरात.
फोटो आला. मी, फावडं, पाठीमागे पांढरी रास. बायकांनी माना पुढे केल्या. धनेश म्हणाला, इथे ती सांगते, दाबाखाली सहाचे आठ शेजारी कसे होतात हे मला पहिल्यांदा आजीकडून समजलं, संडासाच्या भिंतीसकट. पडद्यावरचे गोरे लोक हसले. मी सगळ्या बायकांकडे एकेक करून बघितलं.
मग विचारलं, फोटोखाली काय लिहिलंय. धनेश म्हणाला, आवाज नाय येत इथे. मी म्हटलं, लिहिलेल्याला आवाज कशाला, वाच. तो घाम पुसत बसला. काळूरामने खूण केली, राहू दे. मी सोडते काय. ओरडून म्हटलं, वाच.
धनेश खाली बघून म्हणाला:
"कैलासवासी गोदूबाईंच्या स्मरणार्थ."
मग आठव्या घरची कोकिळा, तीच भिंतवाली, पदर सावरत म्हणाली, "गोदूकाकी, तेराव्याला आम्हाला बोलावलंच न्हाय तुमी."
अकरा बायका हसल्या. माझ्या सतरंजीवर बसून, माझा चहा पिऊन.

३० मार्च, संध्याकाळी ५
काळूरामला फोन लावायला सांगितला. मोठ्याने विचारलं, मला जिवंतपणी मारलीस काय गं.
कल्पिता शांतपणे बोलली. तिकडे दुपार होती.
"तूच बोललीस, मेल्यावर दाखव. दाखवायचा तर होता. मग तसं लिहिलं."
मी म्हटलं, वर्षाचा सण आहे, असं बोलतात काय आजीला. ती म्हणाली:
"आजी, डब्यात मिठाचे खडे सापडले. दुकानाचं मीठ एवढं जाड नसतं. आपल्या आगराचं होतं."
मी म्हटलं, लाईन खराब आहे. ठेवला.
लाईन चांगली होती.

३१ मार्च, सोमवार
नेम पुन्हा पहिल्यापासून. मिशरी बंद. कल्पिताला फोन करायचा नाही. मेलेली माणसं फोन करत नाहीत, तिलाही समजेल. आठ दिवसांत तीच करेल, रडत. मी उचलणार नाही.
सकाळी १०. मिशरी लावली.
दुपारी १. फोन केला. बरणीत अजून तीन मुठी मीठ आहे, पार्सलने पाठवू का, एवढंच विचारायला.
दुपारी १.१०. पुन्हा केला. उचलत नाही.
दुपारी २. काळूराम म्हणतो, रिंग जाते म्हणजे फोन चालू आहे.