कोकराची आई

बोरी बुद्रुक, रविवार, १२ जानेवारी

आज मला बघायला आलेल्या मुलाला सगळं सांगून टाकलं. आईने बजावलं होतं, "आबा जरा विसरभोळे हायेत, एवढंच म्हण." पण आबा पन्नाशीतच माझं नाव विसरले. आजोबांचंही असंच झालं होतं. डॉक्टर म्हणाले, दोष जनुकातला आहे, माझ्यातही उतरला असण्याची शक्यता अर्धी. तपासणी केली तर कळेल. अर्धी! दिवसभर तोच शब्द डोक्यात.

मुलाने पोह्यांची बशी खाली ठेवली. मला वाटलं, संपलं.

तेवढ्यात मेंढ्या चरून आल्या. आबा उठले आणि जाळीच्या कुंपणातलं एकेक कोकरू बरोब्बर त्याच्या आईपाशी सोडायला लागले. लेक मात्र ओळखू येत नाही. रडावं की हसावं? एक कोकरू त्यांनी मुलाच्या हातात दिलं. त्याने ते भलत्याच मेंढीला लावलं आणि तिने मुलालाच अशी ढुशी दिली! आबा किती दिवसांनी खदखदून हसले.

गुडघा चोळत तो म्हणाला, "तपासणीला मीपण येतो. आन् अर्धी शक्यता नसण्याची बी हाय ना?"

ही दुसरी अर्धी मला का सुचली नाही?

तो गेल्यावर आबा म्हणाले, "पावण्याला परत बोलाव गं पोरी. शिकंल."

माझं नाव नाहीच आठवलं. चालेल.